मेंढीचं प्रोटीन आणि लातूरची सीट

"सर, प्रोटीनमध्येसुद्धा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येते का, आमच्या लिंबाजी सरांच्या तासाला येते तशी?"

आधीच सांगून टाकते, हा प्रश्न मी विज्ञानाच्या ओढीने विचारला नव्हता. पैजेने विचारला होता. परभणीहून सिद्धोधन सर आमच्या जिंतूरच्या शाळेत आले होते. ते तिकडे प्रोटीनवर संशोधन करतात. भाषण संपवून त्यांनी "कुणाला काही शंका?" असं विचारलं आणि हॉलमध्ये पंख्याची करकर तेवढी उरली. तेव्हा माझ्या शेजारच्या धम्मशीलाने मला कोपराने ढोसलं.

"विचार की ग, लाव पैज. आजकाल लय भाषणं करायलीस ना?"

मागच्या बाकावरून आणखी दोघींनी री ओढली, आणि प्रश्न काय विचारायचा तेही त्यांनीच ठरवून दिलं. गेल्या वर्षीची बबिता असती तर बाकाखाली न पडलेलं पेन शोधत बसली असती. पण मध्यंतरी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मला दुसरं बक्षीस मिळालं होतं, आणि तेव्हापासून माझी मान जरा ताठच राहत होती. मी उठले, हात वर केला आणि विचारून मोकळी झाले.

हॉल हसला. पहिल्या रांगेतले लिंबाजी सर मात्र शांतपणे मागे वळून म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. प्रश्न चांगला आहे. म्हणजेच, प्रश्न जो आहे, तो चांगला आहे."

सिद्धोधन सर हसले नाहीत. तिथेच माझं वाटोळं झालं. ते खरंच उत्तर द्यायला लागले. प्रोटीन म्हणजे मण्यांची लांबलचक माळ. मण्यांचे वीसएक प्रकार, प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर. काही माळांमध्ये मण्यांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, कधी जसाच्या तसा, कधी एखादा मणी बदलून. नुसत्या डोळ्यांनी शोधायचं तर माणूस थकतो, म्हणून लोकांनी त्यासाठी छोटी छोटी सॉफ्टवेअरं लिहिलीत, फुकट मिळतात, साध्या लॅपटॉपवर चालतात. "कोण करून बघणार?" असं त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी हात मांडीखाली दाबून धरलेले. एकच हात वर होता. तो माझा होता, आणि प्रश्न विचारल्यावर खाली घ्यायचा राहून गेला होता.

"शाब्बास! नाव काय तुझं? घरी काय असतं?"

मी सांगितलं की माझे अप्पा जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर आहेत, म्हणजे मलमपट्टी करतात, आणि काकांकडे अजून मेंढरं आहेत. सर खूश झाले. "मग मेंढीच्या लोकरीतलं एक प्रोटीन पाठवतो. त्यात पुनरावृत्ती आहे का ते शोध. पुढच्या शनिवारी मी विज्ञान प्रदर्शनाला येणारच आहे. तेव्हा तूच सगळ्यांना सांगायचं."

धम्मशीला पैज हरली होती, तरी तिच्या तोंडावर पैज जिंकल्याचा आनंद होता.

आता आमच्या घरातला मोठा प्रश्न सांगायला हवा. तो म्हणजे लातूर. आमच्या भागात पोरगी दहावीला बरे मार्क पाडते असा संशय जरी आला, तरी तिला लातूरला टाकायची बोलणी सुरू होतात. तिथे शिकवणी, तिथेच होस्टेल, आणि दोन वर्षांनी पोरगी डॉक्टर. अप्पांनी तर रविवारची सकाळची एसटीही ठरवून ठेवली होती. जायचं आणि माझी सीट पक्की करून यायचं. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला काही म्हटलं नव्हतं. अप्पांचं मला कळायचंसुद्धा. दवाखान्यातले खरे डॉक्टर रजेवर असले की खेड्यातली माणसं अप्पांनाच "डॉक्टरसाब" म्हणतात. आयुष्यभर असं उसनं नाव लावणाऱ्या माणसाला घरात एक अस्सल हवं असणारच.

त्या दिवशी जेवताना मी प्रोटीनची गोष्ट सांगितली. सांगता सांगता मला जरा जास्तच रंग चढला आणि तोंडून निघून गेलं, "मला तर असलंच काहीतरी शिकावं वाटायलंय."

अप्पांचा घास हातात राहिला. "असलं म्हंजी? डॉक्टरकी न्हाई?"

आई अंगणवाडी सेविका आहे. भांडणं सुरू होण्याआधीच मिटवायची तिला सवय आहे. ती म्हणाली, "आधी तिला ते काय हाय ते करू तर द्या."

"करू दे की. म्या कुठं न्हाई म्हन्तोय?" अप्पा म्हणाले. "शनिवारी सरांपुढं बराबर उत्तर दिलंस, तर आपुन बोलू. न्हाई जमलं, तर आयतवारी गुमान लातूर. अन् मंग परत तोंडातून प्रोटीन काढायचं न्हाई."

मी "मंजूर" म्हटलं. वक्तृत्वातलं दुसरं बक्षीस माणसाला असं बोलायला लावतं.

लॅपटॉप होता. अप्पांनी तो लातूरच्या अभ्यासासाठीच एका साहेबांकडून जुना घेतला होता. सॉफ्टवेअर उतरवायला गेले तर त्या संकेतस्थळाने विचारलं: तुमची संस्था कोणती, संस्थेचा ईमेल द्या. संस्था म्हणजे शाळा. शाळेचा ईमेल म्हणजे ऑफिसातले बडे बाबू. मी मधल्या सुट्टीत त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"अर्ज कर," ते मान वर न करता म्हणाले.

मी अर्ज लिहिला. विषय: मेंढीच्या प्रोटीनमधील पुनरावृत्ती शोधण्यासाठी शाळेचा ईमेल मिळणेबाबत. बाबूंनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"मेंढी शाळेची हाय का?"

"नाही सर."

"मंग शाळेचा ईमेल कशाला?"

मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अर्जाला बोनाफाईड जोडायला सांगितलं. ते कुणाला दाखवायचं म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "संकेतस्थळाला. उद्या त्यांनी विचारलं ही पोरगी कोण, तर आमी काय सांगावं?" शेवटी लिंबाजी सर मध्ये पडले. त्यांनी माझी शिफारस केली, ती तीनदा केली, आणि तिसऱ्या खेपेला बाबूंनी ऐकण्यापेक्षा देणं बरं असं ठरवून ईमेल टाकून दिला. संकेतस्थळाने काहीच विचारलं नाही. बोनाफाईड अजून माझ्या दप्तरात आहे.

सॉफ्टवेअर उतरवताना कळलं की ते एकटं येत नाही. त्याला चालायला आधी दुसरं एक सॉफ्टवेअर लागतं, आणि त्या दुसऱ्याला लॅपटॉपमध्ये जागा रिकामी लागते. लग्नात नवरदेवाच्या आधी करवल्या येऊन बसतात आणि त्यांना आधी चहा लागतो, तसला प्रकार. आमचं इंटरनेट म्हणजे अप्पांचा मोबाईल. अर्धं उतरलं की अप्पांना कुठल्यातरी गावची म्हैस अडल्याचा निरोप यायचा, अप्पा मोबाईल खिशात घालून गाडीवर बसायचे, आणि माझं सॉफ्टवेअर म्हशीबरोबर अडायचं. एकदा तर मी गेटपर्यंत लॅपटॉप घेऊन पळत गेले. केशरकाकूंनी ते पाहिलं.

केशरकाकू शेजारी राहतात, ब्लाउज शिवतात, आणि त्यांच्याकडे कुठल्याही यंत्रावर सल्ला असतो. त्या आमच्या ओट्यावर येऊन टेकल्या आणि पडद्याकडे बघून म्हणाल्या, "काय ग बाई हे? समदं काळंच की. बिघडलं व्हय?"

बिघडलं नव्हतं. हे सॉफ्टवेअर असंच असतं. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ, आणि आपण अक्षरं टाईप करून हुकूम द्यायचा. चुकलं की ते इंग्रजीत अपमान करतं.

माझा पहिला अपमान फोल्डरवरून झाला. "अशी फाईल सापडत नाही," असं ते म्हणायचं. फाईल समोर दिसत होती! मी सिद्धोधन सरांना मेसेज केला. त्यांनी उत्तर पाठवलं की फोल्डरचं नाव इंग्रजीत, छोटं आणि मध्ये मोकळी जागा न सोडता ठेव. आमच्या फोल्डरचं नाव अप्पांनी स्वतःच्या हाताने ठेवलं होतं: "॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥ कु. बबिता लातूर डॉक्टर". मी ते बदलायला घेतलं तर अप्पा गंभीर झाले.

"देवाचं नाव काढायलीस?"

"अप्पा, सॉफ्टवेअरला मराठी वाचता येत नाही."

"त्याला येत नसंल तर त्यानं शिकावं. खंडोबानं का जागा सोडावी?"

हा युक्तिवाद सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनाही खोडता आला नसता, असं मला वाटतं. तडजोड अशी झाली की खंडोबा फोल्डरवरून उठून पडद्यावरच्या चित्रात घोड्यावर बसले. "लातूर डॉक्टर" मी त्याच गडबडीत काढून टाकलं.

दुसरा अपमान रेघेवरून झाला. या काळ्या पडद्यावर प्रत्येक सूचनेच्या आधी एक छोटी आडवी रेघ द्यावी लागते. रेघ नसेल तर सूचना ही सूचना आहे हेच त्याला कळत नाही. आणि आमच्या लॅपटॉपची नेमकी रेघेची कळ दाबली जात नव्हती. मी वाकून बघितलं. कळीच्या चारही बाजूंनी पिवळं दिसलं. भंडारा!

लॅपटॉप घरी आला तेव्हा आईने त्याला हळदीकुंकू लावलं होतं, ते ठीक. पण अप्पांनी "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणून मूठभर भंडारा उधळला होता. आमच्याकडे नवी मेंढी, नवी गाडी, नवी सून, काहीही आलं तरी भंडारा उधळतात. मेंढी अंग झाडते. लॅपटॉपला झाडता येत नाही.

"मशीनच हाय ना?" केशरकाकू ओट्यावरूनच म्हणाल्या. "मंग तेल सोड. माझी मशीन अशीच घट्ट झालती. दोन थेंब सोडले, सुरू की घर्रर्र."

मी नाही म्हणेपर्यंत त्यांनी शिलाई मशीनची तेलाची कुपी आणून थेंब सोडलासुद्धा. भंडारा आणि तेल मिळून काय होतं हे जेजुरीच्या पायऱ्यांवरून घसरलेल्या कुणालाही विचारा. कळ खाली गेली आणि वर यायची विसरली. पडद्यावर रेघा सुरू झाल्या. एक ओळ रेघांची, दुसरी ओळ रेघांची, शेताला कुंपण घालावं तशा. मी पुनरावृत्ती शोधायला बसले होते आणि लॅपटॉपच पुनरावृत्ती करायला लागला होता.

"बघ, सुरू झालं!" काकू म्हणाल्या.

आईने अंगणवाडीतल्या रंगाच्या ब्रशने, पोरांची नाकं पुसते त्याच शांतपणे, कळ स्वच्छ केली. कळ गप्प झाली ती कायमची. मी डोकं धरून बसले. आता सूचना नाही, म्हणजे उत्तर नाही, म्हणजे लातूर. डोळ्यांत पाणी यायला लागलं, पण केशरकाकू समोर होत्या, म्हणून मी ते येऊ दिलं नाही. तशी बसलेली असताना कीबोर्डच्या उजव्या टोकाला, आकड्यांच्या वेगळ्या चौकोनाशेजारी, वजाबाकीचं चिन्ह दिसलं. ती आडवी रेघच की! इतके दिवस तिथे बसून माझी मजा बघत होती. दाबली. उमटली. एकच उमटली.

राहिलं प्रोटीन. सिद्धोधन सरांनी अक्षरांची ती माळ अप्पांच्या मोबाईलवर पाठवली होती. ती मोबाईलवरून लॅपटॉपवर मी आणणारच होते, पण अप्पांनी आपल्या परीने मदत केली. आमच्या घरात लिहिलेलं काहीही असो, अर्ज, बारशाचा बोर्ड, माझं वक्तृत्वाचं भाषण, ते बन्सीधरकाकांच्या प्रिंटिंगच्या दुकानातून टाईप होऊन येतं. अप्पांनी सरांचा मेसेज तिकडे पाठवला आणि दवाखान्यातून येताना पेन ड्राईव्ह घेऊनच आले.

"बन्सीधरनं येकदम स्वच्छ करून दिलंय," असं ते कौतुकाने म्हणाले. मीही "बरं झालं" म्हटलं. बन्सीधरकाकांच्या पत्रिकांत कधी चूक सापडत नाही, हे सगळ्या जिंतूरला माहीत आहे.

शुक्रवारी संध्याकाळी शाळेतून आल्याबरोबर मी बसले. आई भाकरी टाकायची थांबली. अप्पा उगीचच चपला शोधत आसपास फिरत राहिले. मी हुकूम टाईप केला. रेघ उजव्या बाजूची. फाईल छोट्या नावाची. एंटर.

सॉफ्टवेअर क्षणभर थांबलं आणि त्याने एक ओळ लिहिली. पुनरावृत्ती आढळली नाही.

"काय म्हन्तंय?" अप्पांनी विचारलं.

"काही नाही म्हणतंय."

"म्हंजी अजून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं. काही नाही, असंच सांगितलं."

अप्पांनी चपला सापडल्यासारखं केलं आणि ते बाहेर गेले. आई म्हणाली, "नाही हे पण उत्तरच असतंय की ग." मीही स्वतःला तेच सांगितलं. पण खरं बोलायचं तर माझी निराशा झाली होती. एवढं सगळं झालं, ईमेल, बोनाफाईड, भंडारा, तेल, आणि शेवटी मेंढी म्हणते माझ्याकडे काही नाही.

शनिवारी प्रदर्शनात मला प्रयोगशाळेतलं टेबल मिळालं. एका बाजूला ज्वालामुखी, दुसऱ्या बाजूला ठिबक सिंचन, मध्ये मी आणि काळा पडदा. लॅपटॉप अप्पांनी गाडीवर आणून दिला आणि "आता आलोच हाय तर थांबतो" म्हणून ते खिडकीपाशी उभे राहिले. सिद्धोधन सर आले. त्यांच्यामागून लिंबाजी सर, आणि त्यांच्यामागून अख्खी दहावी, कारण धम्मशीलाने सगळ्यांना बोलावून ठेवलं होतं.

मी खणखणीत आवाजात सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "तर माझं उत्तर असं की या प्रोटीनमध्ये पुनरावृत्ती नाही."

सिद्धोधन सरांच्या कपाळाला आठी पडली. ते हळूच म्हणाले, "अगं, पण यात असते. भरपूर असते. म्हणून तर मी हे निवडलं होतं. कुठं काहीतरी चुकलं असेल तुझं. हरकत नाही, पहिल्या वेळी होतं."

मागून कुणीतरी खिदळलं. ज्वालामुखीवाल्याने त्याच वेळी सोडा ओतला आणि त्याच्याकडे टाळ्या झाल्या. मी खिडकीकडे बघितलं नाही. पण अप्पा तिथून हललेत हे मला समजलं. ते माझ्याकडेच येत होते, लॅपटॉप उचलायला, आणि पुढे काय होणार हे मला दिसत होतं: उद्याची सकाळ, एसटीची खिडकी, आणि त्यानंतर तोंडातून प्रोटीन काढायचं नाही.

"हरकत नाही" या दोन शब्दांनी माझं डोकं फिरलं. चुकलं असेल ते माझं? रेघ बरोबर, नाव बरोबर, हुकूम मी पाठ केला होता. मग ज्याला मी हात लावला नव्हता असं यात काय होतं?

"अप्पा, तुमचा मोबाईल द्या."

"आता कशाला? चल, बास झालं."

"द्या तर!"

मी सरांचा मूळ मेसेज उघडला आणि बोटाने वर सरकवत गेले. सरकवते, सरकवते, अक्षरं संपतच नव्हती. लॅपटॉपवरची फाईल उघडली, तर ती कधीच संपून गेली. लांब वेणीचा कुणीतरी बॉबकट केला होता.

"सर, हे पूर्ण नाही! यातलं मधलं मधलं गायब आहे."

बन्सीधरकाका शाळेतच होते. प्रदर्शनाची प्रमाणपत्रं त्यांच्याकडेच छापायला होती आणि तो गठ्ठा घेऊन ते ऑफिसात आले होते. धम्मशीला धावत जाऊन त्यांना घेऊन आली. काकांनी पडद्याकडे पाहिलं आणि ते प्रसन्न हसले.

"हां, ते व्हय. म्याच काढलं. लय डबल डबल आलतं त्यात. सी सी क्यू पी टी, फिरून सी सी क्यू पी टी. म्हनलं, पाठवनाऱ्याचं बोट अडकलं आसंल. येक ठिवलं, बाकी समदं साफ केलं."

"पण काका," सिद्धोधन सर कसंबसं म्हणाले, "सगळे तुकडे काही अगदी सारखे नव्हते. काहींत एखादं अक्षर वेगळं होतं."

"मंग? पत्रिकेत मामाच्या नावात येक आक्षर इकडचं तिकडं झालं म्हनून काय मामा बदलतोय का सर? तेबी काढले." काका आता रंगात आले. "तुमाला न्हाई ठावं. वालूरच्या एका पत्रिकेत म्या एकाच मामाचं नाव दोन जागी छापलतं. बाकीचे मामा मांडवाबाहेर खुर्च्या टाकून बसले. जेवले न्हाईत! त्या दिसापासून माझ्या दुकानातून डबल मजकूर बाहेर पडला न्हाई. मेंढीचा असो का मानसाचा."

सिद्धोधन सर खाली बसले. आधी मला वाटलं त्यांना चक्कर आली. पण ते हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत. लिंबाजी सरांना विनोद जरा उशिरा कळला, पण कळल्यावर ते तीनदा हसले.

मला मात्र हसू येत नव्हतं. मी पहिल्या दिवसापासून जे शोधत होते ते शोधून, खुडून, फेकून देऊन, वर "स्वच्छ करून दिलंय" म्हणून निरोप पाठवणारा माणूस समोर उभा होता आणि लोक त्याच्याभोवती जमत होते. मी अप्पांच्या मोबाईलवरून मूळ मेसेज स्वतःच्या हाताने लॅपटॉपवर घेतला. एकही अक्षर कुणाला शिवू दिलं नाही. हुकूम टाईप केला. एंटर.

आणि काळा पडदा भरला.

तुकडे एकाखाली एक लागत गेले. सी सी क्यू पी टी. त्याच्याखाली तसाच. त्याच्याखाली जवळजवळ तसाच, एकच अक्षर वेगळं. चुलत भावंडं फोटोला उभी करावीत तसे, नाक सगळ्यांचं एक, कपाळ थोडं थोडं निराळं. मी बोट ठेवून सगळ्यांना दाखवत गेले. कुठे सारखं आहे, कुठे बदललंय, कुठे एक मणी गळालाय. कुणी खिदळलं नाही. ज्वालामुखीवालासुद्धा आपलं टेबल सोडून आला. मी किती वेळ बोलले ते मला माहीत नाही, पण वक्तृत्व स्पर्धेत पाठ केलेलं बोलताना हात थंड पडले होते, तसे ते इथे पडले नाहीत.

"आता तू सांग," सिद्धोधन सर म्हणाले, "निसर्गानं हे डबल का ठेवलं असेल?"

"माहीत नाही सर."

"छान. मलाही पूर्ण माहीत नाही. शनिवारची शाळा सकाळचीच असते ना? मग दुपारी परभणीला ये. आपण अजून काही बघू."

अप्पा वाकून पडदा बघत होते. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "ही आपल्या मेंढराची लोकर व्हय?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी हो म्हटलं. मग लॅपटॉप उचलताना त्यांनी तो छातीशी धरला. येताना तो त्यांनी गाडीवर पायांपाशी ठेवून आणला होता.

घरी आल्यावर मला वाटलं आता अप्पा ठरल्याप्रमाणे बोलतील. बोलले. संध्याकाळी चहाला केशरकाकू होत्या, बन्सीधरकाका प्रायश्चित्त म्हणून बालूशाही घेऊन आले होते, आणि सगळेच बोलले.

"पोरगी साधी न्हाई आपली," अप्पा म्हणाले. "म्या तर म्हन्तो लातूर बारीक पडंल हिला. लातूर करू, मंग पुन्याला टाकू."

"पुणं कशाला?" बन्सीधरकाका म्हणाले. "माझा साडू हैदराबादला हाय. तिकडं प्रोटीनच्या मोठमोठ्या कंपन्या हायत म्हनं. मी आज रात्रीच फोन लावतो."

"अन् डॉक्टरकी सोडू नका बरं," केशरकाकूंनी बजावलं. "डॉक्टर व्हायचं अन् हे बी करायचं फावल्या वेळात. माझं काय, म्या ब्लाउज बी शिवते अन् परकर बी शिवते."

"उद्या जायचंच हाय लातूरला," अप्पा म्हणाले. "तिथल्या सरांनाच इचारू, प्रोटीनची शिकवणी आसती का."

मी उत्तर बरोबर दिलं होतं. म्हणून आता मला एका गावाऐवजी तीन गावांना पाठवायचं ठरत होतं. आई तेवढी कप भरत होती आणि मध्ये मध्ये माझ्याकडे बघत होती. मी माझा कप खाली ठेवला आणि उभी राहिले. उभं राहायची तशी गरज नव्हती, पण बसून बोललेलं आमच्या घरात कुणी धरत नाही.

"अप्पा, आई, मी ठरवलंय," मी म्हणाले. "मला डॉक्टर व्हायचं नाही. अकरावी-बारावी मी इथेच, जिंतूरलाच करणार, जीवशास्त्र आणि गणित दोन्ही घेऊन. दर शनिवारी एसटीने परभणीला सिद्धोधन सरांकडे जाणार, तेवढा मोबाईल मला लागेल. पुढे पुणं की हैदराबाद ते बारावी झाल्यावर मी बघेन, आणि ठरलं की आधी तुम्हालाच सांगेन. उद्याची एसटी ठरलीच आहे, तर तुम्ही दोघं लातूरला फिरून या. लग्न झाल्यापासून कुठे गेला नाहीत. मी येणार नाही."